पाच व्होल्ट, साठ अँपिअर

सकाळी ८.५०
भोसरी एमआयडीसीतल्या या गल्लीत पावसानं चिखल करून ठेवलाय. शटर अर्ध्यावर आहे. आत मामांचा झाडू मारून झालाय. उदबत्ती देवाला ओवाळून ते ती टेबलाच्या फटीत खोचतात. मॅडम स्कूटी शेडखाली लावतात आणि रेनकोट खिळ्याला अडकवतात. खाली लाल बादली आहे, पाणी तिच्यात निथळतं.

"त्यात नको," मामा ओरडतात. "लोडची बादली आहे ती."

आज बुधवार. उद्या गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाचा माणूस चार कन्व्हर्टर न्यायला येणार. पहिला नग कालच जोडून झालाय, पण त्याला अजून वीज दाखवलेली नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. "हात कुठे लावू नका," एवढंच मॅडम म्हणतात.

सकाळी ९.१५
गिऱ्हाईक टेम्पोवर एलईडीचे पडदे बसवून देतो. गणपतीची मिरवणूक, लग्नाची वरात, वॉर्डातला प्रचार. पडद्याच्या पॅनलना पाच व्होल्ट लागतात. टेम्पोत बॅटरी २४ व्होल्टची, म्हणजे भरलेली असली की २९, उतरली की २०. आजवर तो बॅटरीवर इन्व्हर्टर लावायचा, त्यातून २३० व्होल्ट काढायचा आणि त्याचे पुन्हा पाच करायचा. शेजारच्या गावाला जायला आधी मुंबई गाठावी, तसं. इन्व्हर्टरला १२ टक्के, पुढच्या सप्लायला १४ टक्के. बॅटरीतल्या शंभरातले ७६ पडद्यावर पोचायचे.

मॅडमनी वहीत हिशोब मांडलाय. पडदा सतत पांढराशुभ्र नसतो. सरासरी ४०० वॅट धरले, तर जुन्या पद्धतीत बॅटरीतून ५२६ जातात. थेट २४ चे ५ केले आणि ९३ टक्के हाती लागले, तर ४३०. शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीवर पाच तासांचे सहा होतात.

"मिरवणुकीत एक तास म्हणजे किती, ते पुणेकराला सांगायला नको," मामा म्हणतात.

त्याची दुसरी तक्रार जास्त मजेशीर होती. पडद्याच्या लांबच्या टोकाला पांढरा रंग लालसर दिसायचा. मॅडम स्वतः टेम्पोत चढून बघून आल्या. पाच व्होल्टचा डबा केबिनमागे, पडद्याचं टोक अडीच मीटरवर. जाऊन-येऊन पाच मीटर तार, दहा स्क्वेअर एमएमची. तिचा रोध साडेआठ मिलिओहम. त्यातून ४५ अँपिअर गेले की जवळजवळ चारशे मिलिव्होल्ट तारेतच राहतात. टोकाला ४.६. हिरव्या आणि निळ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, लालला दोनेक. व्होल्टेज कमी पडला की आधी हिरवा-निळा मान टाकतो, लाल तग धरतो.

म्हणून ठरलं असं की तारेतून २४ व्होल्टच न्यायचे. तेवढेच वॅट, पण करंट दहाच्या आत. पाच करायचे ते अगदी पॅनलच्या पाठीशी. एक मोठा डबा नको, चार लहान हवेत. प्रत्येकी ६० अँपिअर.

सकाळी ९.५०
पोरगा आला. डिप्लोमाचा आहे, अप्रेंटिस, महिना नऊ हजार. कन्व्हर्टरमध्ये दोन सारख्या फेज आहेत, प्रत्येकीत एक मॉस्फेट वर, एक खाली, खटक्यासारखे. त्याचा प्रश्न कालपासूनचा: खाली डायोड का नाही? चार मॉस्फेटऐवजी दोन मॉस्फेट, दोन डायोड. स्वस्तात काम.

मॅडम वहीचं पान उलटतात. २५ चे ५ करायचे, म्हणजे वरचा खटका पाचातला एक भाग वेळ चालू, चार भाग बंद. सेकंदाला अडीच लाख वेळा असं. वरचा बंद झाला म्हणून करंट थांबत नाही, चोक, म्हणजे रिंगवर वेढलेली तार, त्याला थांबू देत नाही. तो खालच्या वाटेनं फिरत राहतो. म्हणजे दिवसातला चार पंचमांश वेळ खालची वाटच चालू.

"तिथं शॉटकी डायोड ठेवला तर अर्धा व्होल्ट खाणार. तीस अँपिअर, ऐंशी टक्के वेळ. किती?"

पोरगा मोबाईल काढतो.

"तोंडी."

"बारा वॅट."

"एका फेजला. दोन फेजचे चोवीस. आणि दोन मिलिओहमचा मॉस्फेट ठेवला तर?"

दीड वॅटसुद्धा नाही. पोरगा वहीकडे बघत राहतो. डबा पावसासाठी बंद आहे, पंखा नाही, खाली फक्त ॲल्युमिनिअमची तळपट्टी. चोवीस वॅट त्यात कुठे जिरवणार?

नुसतं अडवून व्होल्टेज उतरवायचा म्हटलं तर वीस व्होल्ट गुणिले साठ अँपिअर. बाराशे वॅट. प्रत्येक पॅनलमागे एक तापलेली इस्त्री.

सकाळी १०.३०
मालकांनी मॉस्फेटचं नवं पाकीट पाठवलंय. नेहमीचा नग ७४ रुपयांना, हा २८ ला. अंगावर नंबर तोच, छपाईही झकास. मामा एक नग चिमट्यात धरून उजेडात तिरपा करतात. वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत त्यांनी. तोंड वाकडं करतात, बोलत काही नाहीत.

मल्टिमीटर इथे कामाचा नाही. त्याच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२ ओहम दाखवतो, आणि शोधायचेत ०.००२. मग असं करतात: गेटला दहा व्होल्ट, मॉस्फेटमधून बेंच सप्लायचे दहा अँपिअर, आणि त्याच्या पायांवर थेट मिलिव्होल्ट मोजायचे. वीस यायला हवेत. ४७ येतात. दुसरा नग, ४५. तिसरा, ४९.

पाकीट स्टेपल करून परत. त्यावर मामा मार्करनं फुली मारतात. चार मॉस्फेटमागे १८४ रुपये वाचणार होते.

सकाळी ११.१०
चहा. दहा रुपये कटिंग, मालकांच्या खात्यावर. मामांना महिना २१ हजार, मॅडमना ३२. ओव्हरटाइम मामांना आहे, मॅडमना नाही. त्या "स्टाफ" आहेत. हे मामाच सांगतात, हसत.

सकाळी ११.३०
पहिली वीज. बेंच सप्लायचा करंट एका अँपिअरला बांधून ठेवलाय. काही उडालंच तर आवाज होईल, आग होणार नाही. मामा आपसूक एक पाऊल मागे सरकतात. मॅडम नॉब हळूहळू फिरवतात. बारा, पंधरा, अठरा. आउटपुट एकदम उभा राहतो. ५.०१.

कोणी टाळ्या वगैरे वाजवत नाही. लाल बादलीतली तारेची एक गुंडाळी लोड म्हणून जोडतात, दहा अँपिअर. करंटची मर्यादा वाढवतात, इनपुट २९ वर नेतात आणि स्कोप लावतात. दोन खटक्यांच्या मधला सांधा बघायचाय.

स्क्रीनवर चौकोनी लाट, आणि तिच्या चढावर शिंग. ५४ व्होल्ट. मॉस्फेट साठचा आहे.

मॅडम आधी प्रोबवर संशय घेतात. प्रोबची काळी वायर लांब असली की ती स्वतःच अँटेना होते. ती काढून टोकाशी बारकी स्प्रिंग बसवतात आणि पुन्हा टेकवतात. शिंग थोडं खुजं होतं, जात नाही. खरंच आहे म्हणजे. इनपुटचा कपॅसिटर, वरचा मॉस्फेट, खालचा मॉस्फेट. करंट या तिघांच्या रिंगणात तुटतो आणि जुळतो. रिंगण जितकं मोठं, तितकं शिंग मोठं. बोर्डावर ते अंगठ्याच्या नखाएवढं आहे, आता आणखी लहान करता येत नाही. मग सांध्यापाशी एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि दोन ओहमचा रेझिस्टर. दोन्ही तांदळाच्या दाण्याहून बारीक. श्वास रोखून, मायक्रोस्कोपखाली. एक रेझिस्टर चिमट्यातून उडतो. शोधत नाहीत, दुसरा घेतात. ऐंशी पैशांचा आहे.

शिंग ४१ वर. उष्णता वाढली पाव वॅट. चालेल.

दुपारी १२.४०
मावशी आल्या. दिघीत राहतात, चोक घरीच गुंडाळतात. पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेले सहा चोक, दुसऱ्या ऑर्डरचे. एका चोकचे बारा रुपये.

या कन्व्हर्टरचे दोन चोकही त्यांचेच. २७ एमएमची काळी रिंग, लोखंडी भुकटी दाबून केलेली. १८ गेजच्या पाच तारा शेजारी शेजारी धरून फक्त सहा वेढे. सहाच, म्हणून सोपं वाटतं. मी करून बघतो. पाच तारा एका चालीनं वळत नाहीत, तिसऱ्या वेढ्याला एक तार दुसरीवर चढते. मावशी माझ्या हातातून घेतात, सोडवतात आणि बोलता बोलता गुंडाळून टाकतात.

"वेढ्यांचं काही नाही हो," त्या म्हणतात. "टोकांचं आहे."

प्रत्येक तारेवर इनॅमल असतं. टोकाला ते ब्लेडनं खरवडायचं, मग टोक सोल्डर पॉटमध्ये बुडवून चकाकवायचं. एका चोकला पाच तारा, दहा टोकं. एखाद्या टोकावर इनॅमल राहिलं तर ती तार नुसतीच जागा अडवते, तिचा करंट बाकीच्या चौघींवर पडतो. मावशींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमचे भाजल्याचे डाग आहेत.

मॅडम चोक मीटरला लावतात. २.७ मायक्रोहेन्री. पोरगा म्हणतो, आपल्याला तर दोन हवे होते. हा आकडा करंट नसतानाचा. तीस-चौतीस अँपिअर गेले की रिंग दमते आणि दोनच्या आसपास येते. ही रिंग हळूहळू दमते, एकदम बसत नाही. एकदम बसणारीही असते. ती बसली की चोक राहत नाही, नुसती तार राहते.

दुपारी १.३०
डबे. पोरग्याकडे मेथी, मामांकडे कालची आमटी. लाईट जाते, येते.

दुपारी २.०५
पूर्ण लोड. आता बादली पुढे येते. पंधरा लिटर पाणी, त्यात नायक्रोमच्या सहा गुंडाळ्या, प्रत्येकी अर्धा ओहम. पाच व्होल्टला एक गुंडाळी दहा अँपिअर घेते. बाजारातला इलेक्ट्रॉनिक लोड महाग, बादली १४० रुपयांची.

इनपुटला ट्रकच्या दोन बॅटऱ्या, २५ व्होल्ट. मामा गुंडाळ्या एकेक करून जोडत जातात. तीस. चाळीस. जाड तारा, टोकांना थिंबल, नटबोल्ट पान्यानं आवळलेले. पन्नासला एका बोल्टपाशी बोट ठेवून ते झटकन काढतात. "ढिला." बंद करतात, पाव फेरी आवळतात, पुन्हा चालू. अर्ध्या मिलिओहमचा ढिला सांधा साठ अँपिअरला दोन वॅट होतो, तेवढ्यानं बोट कळवळतं.

साठ. आउटपुट ५.००. इनपुटला १२.९ अँपिअर. ३२२ वॅट आत, ३०० बाहेर. त्र्याण्णव टक्के आणि वर थोडे. वहीतल्या आकड्याशी जुळतं. पोरगा खूश.

मॅडम नाहीत. त्यांनी बोर्डावर पुठ्ठ्याचा खोका उपडा घातलाय, टेम्पोच्या पत्र्याची नक्कल म्हणून. वीस मिनिटांनी खोका उचलून थर्मल कॅमेरा धरतात. एक चोक ६६ अंश. दुसरा ८९.

दुपारी २.४०
दोन्ही चोक सारखे, दोन्ही मावशींचे. मग एक जास्त का राबतोय?

दोन फेज ठेवल्या त्या ओझं वाटून घ्यायला. शिवाय दोघी आळीपाळीनं चालतात, त्यामुळे इनपुटच्या कपॅसिटरवरचा मारा २४ अँपिअरवरून १५ वर येतो. करंट सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येक फेजमध्ये करंट मोजायला एक मिलिओहमचा रोध, शंट. कंट्रोलर दोन्ही शंटवरचे मिलिव्होल्ट बघतो आणि समान ठेवतो.

मॅडम कंट्रोलरच्या पायांपाशी मोजतात. ३४ आणि ३४. त्याच्या लेखी सगळं समान.

मग प्रोबची टोकं शंटच्याच अंगावर, आतल्या कडांना. एकीकडे ३४. दुसरीकडे २६.

बराच वेळ कोणी बोलत नाही. पाऊस पत्र्यावर वाजतोय. मॅडम बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेतात आणि पाच मिनिटांत मान वर करतात.

"माझीच चूक."

शंटवरून कंट्रोलरकडे जाणारी बारीक रेघ एका फेजला पॅडच्या आतल्या कडेतून निघते. दुसरीला, घाईत, बाहेरच्या कडेपुढून. मध्ये सोल्डर आणि साधारण एक चौकोनभर तांबं. सत्तर मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा एक चौकोन म्हणजे पाव मिलिओहम. कंट्रोलरला तिथे १.० ऐवजी १.३ दिसतात. त्याला वाटतं, ही फेज पुरेसं घेतेय. खरं तर ती २६ घेते आणि दुसरीवर ३४ टाकते.

त्र्याण्णव टक्क्यांत हे दिसणारच नव्हतं. एकीकडची जास्तीची उष्णता दुसरीकडच्या कमीनं जवळजवळ फिटते. नुसता आकडा बघून माल गेला असता, तर दोन-तीन महिन्यांनी, दर खेपेला त्याच बाजूचे कपॅसिटर फुगून परत आले असते. दहा अंश जास्त तापला की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. हे तेवीस अंश.

दुपारी ३.१५
सर्जिकल ब्लेड. मॅडम ती रेघ दोन ठिकाणी कापतात, मधला तुकडा सोलून काढतात. मग केसाएवढी इनॅमलची तार. एक टोक शंटच्या आतल्या कडेला, दुसरं कंट्रोलरच्या वाटेवर. सोल्डरिंग आयर्न टेकवलं तरी पॅड तापतच नाही. साठ अँपिअरसाठी केलेलं तांबं, सगळी उष्णता ओढून घेतं. मामा खालून हॉट एअर धरतात. दोघांचे चार हात तळहाताएवढ्या जागेत. मामांचा चष्मा घसरतो. पोरगा न सांगता तो वर करतो.

तिसऱ्या प्रयत्नात चिकटतं. वर यूव्ही गोंदाचा एक ठिपका.

शेल्फवरच्या उरलेल्या अकरा कोऱ्या बोर्डांवर तीच रेघ आहे. पोरगा तिथे बघतो, मग मॅडमकडे.

"हो," त्या म्हणतात. "अकराच्या अकरा. तू शिकशील."

दुपारी ४.२०
पुन्हा साठ. शंटवर ३०, ३०. खोका घालून वीस मिनिटं. चोक ७५ आणि ७७.

आता झटका. पडदा काळ्यावरून पांढऱ्यावर क्षणात जातो, म्हणून तीन गुंडाळ्या एका मॉस्फेटनं एकदम जोडायच्या-सोडायच्या. तीसवरून साठ. स्कोपवर आउटपुट खाली बुडतो, ४.८९ पर्यंत, आणि सावरतो. मॅडम फोटो काढतात आणि वहीत आकडा लिहितात. इथे त्या फार थांबत नाहीत, हे आधीच माहीत होतं असं वाटतं.

बादलीतलं पाणी कोमट झालंय. मामा लोड बंद करून गुंडाळ्या बाहेर काढतात आणि त्यात हात धुतात. ग्रीस या पाण्यानं छान निघतं, म्हणतात.

संध्याकाळी ५.१०
मालक आले. छत्री दारात झटकून थेट कॉस्टिंगचा कागद. विक्री ३,४०० ला ठरलीय, माल १,९४० चा दिसतोय. बोट एका ओळीवर. आउटपुटला हे एससीआर आणि त्याची चिल्लर मंडळी कशाला? ४८ रुपये. चाललंय ना त्याच्याशिवाय?

"सर, वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला की बॅटरी सरळ पॅनलवर. पाचाच्या जागी पंचवीस."

"होतो का शॉर्ट?"

"मॉस्फेट मरतो तेव्हा बहुतेक शॉर्ट होऊनच मरतो."

एससीआर तेव्हा आउटपुट दाबून धरतो आणि इनपुटचा वीस अँपिअरचा फ्यूज उडतो. कन्व्हर्टर जातो, पडदा वाचतो. मालक एका पॅनलची किंमत मनात धरतात, ओठ हलतात. ओळ राहते. त्याऐवजी डब्याचं पावडर कोटिंग साधं करायचं ठरतं, पंचवीस रुपये. मॉस्फेटच्या फुलीवाल्या पाकिटाकडे ते बघतात आणि विषय काढत नाहीत.

संध्याकाळी ६.२५
शटर ओढायची वेळ. मालकांचा फोन वाजतो. ते नुसतं "हो, हो" म्हणतात आणि फोन हातानं झाकतात. "चार नाही, सहा हवेत म्हणतोय. शुक्रवारीच."

मॅडम रेनकोट घालता घालता थांबतात. बोर्ड आहेत. मॉस्फेट नेहमीच्या दुकानातून उद्या मिळतील, त्याला गुरुवार लागू नाही. पोरगा उद्या येईन म्हणतो, कोणी विचारण्याआधीच. राहिले चोक. दोन लागलेत, दहा हवेत. दहा चोक, पन्नास तारा, शंभर टोकं.

त्या मावशींना फोन लावतात. पलीकडे कुकरची शिट्टी. मावशी ऐकून घेतात. दर तोच का, विचारतात. मॅडम मालकांकडे बघतात. मालक हाताची पाचही बोटं दाखवतात, मग एक आणखी. बारावर सहा.

"तार आहे घरी," मावशी म्हणतात. "ब्लेड संपलीत. येताना एक पाकीट घेऊन ये."